नदीचं नाव बदलणारा गायक : भूपेन हजारिका

जून महिन्यात शाळेत प्रवेशाचे अर्ज भरून घेताना पालक एका रकान्याशी हमखास अडतात. रकाना मातृभाषेचा. आई म्हणते उर्दू लिहा, वडील म्हणतात मराठी लिहा सर, पुढे बरं पडेल. सोबत आलेली आजी गप्प बसते, कारण ती घरात जे बोलते त्याला अर्जात नावच नसतं. आम्ही स्वतः याच घोळात वाढलो. घरात उर्दू, गल्लीत मराठी, बी.एड. मराठीतून, आणि नमाजेनंतर मशिदीबाहेरच्या गप्पा दोन्हींची खिचडी करून. आपल्याकडे हा पाच मिनिटांचा घोळ असतो. काहीतरी लिहिलं जातं, अर्ज पुढे सरकतो.

आसामात याच प्रश्नावरून घरं जळाली, माणसं मेली. भूपेन हजारिका यांचं आयुष्य समजून घेताना आम्हाला तो रकाना सारखा आठवत राहिला. म्हणून हा लेख.

‘रुदाली’ सिनेमातलं ‘दिल हूम हूम करे’ आपल्या घराघरांत वाजलं आहे. लताबाईंच्या आवाजातलं जास्त, पण त्याच गाण्याचं एक पुरुषी रूपही आहे. खर्जातला, जरासा थकलेला, दूरच्या काठावरून यावा तसा आवाज. तो हजारिकांचा. डोक्यावर तिरकी गोरखा टोपी, समोर हार्मोनियम. बहुतेकांची त्यांच्याशी ओळख एवढीच. त्या आवाजामागे केवढा प्रवास होता ते पाहू.

8 सप्टेंबर 1926 रोजी आसामच्या अगदी पूर्व टोकाला, सादिया इथे त्यांचा जन्म झाला. वडील नीलकांत मूळचे शिवसागर भागातल्या नाझिराचे, आईचं नाव शांतिप्रिया. दहा भावंडांत भूपेन थोरले. वडिलांच्या नोकरीमुळे बिऱ्हाड फिरतं होतं. आधी गुवाहाटी, मग 1932 मध्ये धुबरी, 1935 मध्ये तेजपूर. आसाम म्हणजे एक भाषा आणि एक समाज अशी आपली समजूत असते, पण ही तीन गावं तीन वेगळ्या दुनिया आहेत. धुबरी तर बंगालच्या सीमेला लागून. तिथे मुस्लिम वस्ती मोठी, आणि शेजारच्या गौरीपूर भागात हत्ती पकडणाऱ्या माहुतांची गोआलपाडिया लोकगीतं ऐकू येत. पुढे 1958 मध्ये हजारिकांनी ‘माहुत बंधुरे’ हा सिनेमा केला, त्याची मुळं या मुलखात आहेत.

तेजपूरला आल्यावर मुलाचं नशीब उघडलं. दहाएक वर्षांच्या भूपेनने एका कार्यक्रमात बरगीत गायलं आणि ऐकणाऱ्यांत दोन मोठी माणसं होती, ज्योतिप्रसाद अगरवाला आणि विष्णुप्रसाद राभा. आधी बरगीताबद्दल सांगतो. शंकरदेव आणि माधवदेव या वैष्णव संतांनी रचलेली ही भजनं. त्यांची भाषा ब्रजावली, म्हणजे असमिया, मैथिली असं बरंच काही मिसळून झालेली. मुलाने पहिल्यांदा मंचावर जी भाषा गायली ती स्वतःच मिश्र होती. दखनी बोलणाऱ्या घरांना यात नवल वाटायचं कारण नाही.

आणि ते दोन गुरू कोण? ज्योतिप्रसाद हे 1935 साली ‘जयमती’ हा पहिला असमिया बोलपट काढणारे. त्यांचे पूर्वज राजस्थानातून आलेले मारवाडी. राभा आदिवासी समाजाशी नातं सांगणारे, गायक, नर्तक, चित्रकार, नट आणि क्रांतिकारक. असमिया संस्कृतीचे म्हणून जे आधारस्तंभ आज मानले जातात त्यात एक मारवाडी वंशाचा आणि दुसरा आदिवासी. 1936 मध्ये हे दोघे भूपेनला घेऊन कोलकात्याला गेले आणि तिथे त्याची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. 1939 च्या ‘इंद्रमालती’ सिनेमात तो गायला. तेरा वर्षांचा असताना त्याने स्वतःचं पहिलं गाणं लिहिलं.

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण आपल्या वाचकांना ती माहीत नसते. आसामात असमिया बोलणारे मुसलमान शेकडो वर्षांपासून आहेत. सतराव्या शतकातले सूफी आजान फकीर यांची जिकिरं असमिया भाषेत आहेत, चाल तिथल्याच लोकसंगीताची, आणि त्यांची दर्गाह शिवसागर जिल्ह्यातच आहे. म्हणजे हजारिकांच्या वडिलांच्या मूळ गावाच्या मुलखात. आपल्याकडे शेख महंमद यांनी मराठीत ओव्या-अभंग लिहिले, तसंच हे. असमिया भाषा तिथे कोण्या एका धर्माची कधीच नव्हती.

शिक्षणात भूपेन हुशार होते. 1942 मध्ये गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजातून इंटर, नंतर बनारस हिंदू विद्यापीठातून बी.ए. आणि 1946 मध्ये राज्यशास्त्रात एम.ए. काही काळ गुवाहाटी आकाशवाणीत काम केलं आणि 1949 मध्ये शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. बाबासाहेब आंबेडकर जिथे शिकले तेच हे विद्यापीठ. हजारिकांची पीएच.डी. 1952 ची. विषय संगीत असेल असं वाटतं, पण नाही. भारतातल्या प्रौढ शिक्षणात दृक्‌श्राव्य साधनं कशी वापरता येतील, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. गाणारा माणूस आतून मास्तर होता हे कळल्यावर आम्हाला, खोटं कशाला बोला, फार आनंद झाला. ज्याला अक्षर येत नाही त्याच्यापर्यंत गोष्ट कानाने आणि डोळ्याने पोचवायची, हे त्यांनी प्रबंधात लिहिलं आणि नंतर सगळं आयुष्य तेच केलं.

अमेरिकेत आणखी एक तालीम मिळाली. ती पॉल रोबसन यांची. रोबसन म्हणजे गुलामगिरीत जन्मलेल्या बापाचा मुलगा, वकिलीचं शिक्षण घेतलेला, नट, आणि पहाडी आवाजाचा गायक. काळ्या माणसांच्या हक्कासाठी उभा राहिला म्हणून 1950 मध्ये अमेरिकन सरकारने त्याचा पासपोर्टच काढून घेतला. तो जगातल्या कितीतरी भाषांत गायचा, आणि ज्या लोकांसाठी गायचं त्यांच्या भाषेत गायचं, हा त्याचा हट्ट होता. मिसिसिपी नदीवर त्याचं एक गाणं जगप्रसिद्ध आहे. काठावरची काळी माणसं राबून मरतात आणि नदी आपली वाहत राहते, असा त्याचा भाव.

हजारिकांनी ते गाणं मनात घेतलं आणि आसामला आणलं. पण भाषांतर करून नाही. मिसिसिपीच्या जागी त्यांनी लुइत घातली. लुइत म्हणजे ब्रह्मपुत्रा. आणि भावही एक पाऊल पुढे नेला. रोबसनच्या गाण्यात नदीला काही पडलेलं नसतं. हजारिका नदीला जाब विचारतात, की दोन्ही काठांवरच्या असंख्य लोकांचा आक्रोश ऐकूनही तू गप्प कशी? पुढे हेच गाणं बंगालीत आणि हिंदीत झालं तेव्हा नदी गंगा झाली. हिंदी शब्द पंडित नरेंद्र शर्मांचे. वर्गात भाषांतर शिकवताना आम्ही हे उदाहरण देतो. शब्दाला शब्द ठेवणाऱ्याने मिसिसिपी तशीच ठेवली असती आणि गाणं परकं राहिलं असतं. यांनी नदीचं नाव बदललं, म्हणून दर ठिकाणच्या माणसाला ते आपल्या काठचं वाटलं.

न्यूयॉर्कमध्येच 1950 साली प्रियंवदा पटेल यांच्याशी त्यांचं लग्न झालं, 1952 मध्ये मुलगा तेज झाला. 1953 मध्ये हजारिका मायदेशी परतले. गुवाहाटी विद्यापीठात शिकवू लागले, पण काही वर्षांतच राजीनामा देऊन कोलकात्याला गेले. पक्की नोकरी सोडून गाण्याच्या मागे जाणं म्हणजे काय हे पगारदार माणसाला विचारा. संसारही टिकला नाही. इप्टा या जननाट्य संघटनेचं काम, सिनेमे, जलसे, सतत प्रवास. स्वतःला भटक्या म्हणवणारं एक गाणं त्यांनी केलं ते उगाच नाही.

1956 मध्ये त्यांनी दिग्दर्शित केलेला पहिला सिनेमा आला, ‘एरा बाटर सुर’. त्यात लता मंगेशकर असमियात गायल्या. आपल्या मराठी लताबाईंचं असमिया गाणं तिथे आजही लोकांना पाठ आहे. नंतर ‘शकुंतला’, ‘प्रतिध्वनी’, ‘लटिघटी’, ‘चिक मिक बिजुली’ असे सिनेमे येत गेले. ‘प्रतिध्वनी’ खासी लोकांच्या कथेवरचा. 1975 च्या ‘चमेली मेमसाब’ या चहामळ्यावरच्या सिनेमाच्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आता 1960. आमच्या मते या माणसाची खरी परीक्षा त्या वर्षी झाली.

आसामची राजभाषा कोणती, यावरून त्या वर्षी दंगे पेटले. असमिया विरुद्ध बंगाली. गावंच्या गावं उठली, हजारो लोक घरं सोडून पळाले. ऑक्टोबरमध्ये असमियाला राजभाषा करणारा कायदा झाला, आणि 19 मे 1961 रोजी बराक खोऱ्यातल्या सिलचरला बंगालीसाठी आंदोलन करणाऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. अकरा जण गेले. या सगळ्यात बंगाली वंशाचे मुसलमान शेतकरी कुठे होते? पूर्व बंगालमधून येऊन ब्रह्मपुत्रेच्या चरांवर, म्हणजे नदीतल्या गाळाच्या बेटांवर, भात आणि ताग पिकवणारे हे लोक. 1951 च्या जनगणनेत त्यांतल्या पुष्कळांनी मातृभाषेच्या रकान्यात असमिया लिहिलं होतं. त्यांना नव-असमिया म्हणू लागले. आपल्या मुलांना असमिया शाळेत घातलं. घरची बोली घरात ठेवली आणि रकाना शेजाऱ्याच्या भाषेने भरला.

दंग्यांच्या त्या दिवसांत हजारिकांना काय सोपं होतं? कोलकात्यात ते बंगाल्यांत राहणारे असमिया, आसामात लाडके गायक. गप्प बसले असते तर कुणी काही म्हणालं नसतं. त्यांनी हेमांग विश्वास यांच्याबरोबर कलापथक बांधलं. विश्वास सिल्हेटचे, बंगाली, लोकगीतांचे जाणकार. एक असमिया, एक बंगाली, आणि सोबत दोन्हीकडचे कलावंत. शिलाँगहून निघून हे पथक दंगलग्रस्त भागात गावोगाव फिरलं. दोघांनी मिळून एक लांब गाणं रचलं, हाराधन आणि रंगमन या दोन शेतकऱ्यांचं. रंगमन असमिया, हाराधन पूर्व बंगालमधून उखडून आलेला निर्वासित. दोघांचं दुःख सारखंच, शेत आणि घर. एक असमियात गातो, दुसरा बंगालीत, आणि ऐकणाऱ्याला दोन्ही कळतं. काल एकमेकांची घरं जाळलेली माणसं समोर बसलेली, आणि मंचावर हे दोघे. अशा सभेत उभं राहायला गळ्यापेक्षा काळीज जास्त लागतं.

ब्रह्मपुत्रेवरचं त्यांचं दुसरं एक गाणं याच विचाराचं आहे. त्यात ही नदी म्हणजे सगळ्या लोकांच्या मिलनाचं तीर्थ, आणि पद्मेच्या वादळात सापडून आलेल्यांनाही लुइतच्या दोन्ही काठांनी पाहुण्यासारखं जवळ केलं, असा भाव आहे. पद्मेकडून आलेले ते म्हणजे हेच चरांवरचे लोक.

1967 ते 1972 ते आसाम विधानसभेत अपक्ष आमदार होते. 1971 मध्ये बांगलादेश जन्मला तेव्हा त्याच्या स्वागताचं गाणं त्यांनी केलं. गंगा आणि पद्मा या दोघींना आई म्हणणारं त्यांचं बंगाली गाणंही गाजलं. 1977 मध्ये आलमगीर कबीर यांच्या ‘सीमाना पेरिये’ या ढाक्याच्या सिनेमाला त्यांनी संगीत दिलं. असमिया गाण्यांना बंगाली शब्द शिवदास बंद्योपाध्याय देत, आणि माणसाने माणसासाठी उभं राहावं असं सांगणारं त्यांचं गाणं बांगलादेशात इतकं रुळलं, की अनेकांना ते मूळचं बंगालीच वाटतं.

1988 चा ‘सिराज’ सिनेमा आपल्या वाचकांनी मिळवून पाहावा. एका अनाथ हिंदू मुलीला स्वतःच्या लेकीसारखं वाढवणाऱ्या मुसलमान माणसाची ही गोष्ट. लक्ष्मीधर शर्मांच्या कथेवर फणी शर्मा आणि विष्णू राभा यांनी 1948 मध्ये, फाळणीच्या जखमा ओल्या असताना, तो पहिल्यांदा काढला होता. चाळीस वर्षांनी हजारिकांनी तो पुन्हा केला. मधल्या काळात आसामात काय झालं होतं? परदेशी नागरिकांविरुद्धचं आंदोलन 1979 ते 1985 चाललं. 18 फेब्रुवारी 1983 रोजी नेली परिसरात एका सकाळी बंगाली वंशाचे मुसलमान, त्यातही बायका-मुलं जास्त, कापले गेले. सरकारी आकडाच दोन हजारांच्या आसपास. या आंदोलनात मेलेल्या असमिया तरुणांसाठी हजारिकांनी गाणी केली होती, हे खरं आहे. पाच वर्षांनी त्यांनी ‘सिराज’ केला, हेही खरं आहे. दोन्ही सांगितलं पाहिजे.

मुंबईशी त्यांचं नातं पुढे घट्ट झालं ते कल्पना लाजमी यांच्यामुळे. चित्रकार ललिता लाजमींची ही मुलगी, गुरुदत्त यांची भाची. ‘एक पल’, ‘रुदाली’, ‘दरमियाँ’, ‘दमन’ हे तिचे सिनेमे, संगीत हजारिकांचं. शेवटपर्यंत त्यांची सोबत आणि देखभाल तिनेच केली. ‘रुदाली’च्या त्या गाण्याची चाल मात्र राजस्थानची नाही, हे किती जणांना ठाऊक असेल? ती ‘मणिराम देवान’ या साठच्या दशकातल्या असमिया सिनेमातली. 1857 च्या उठावात सामील झाल्याबद्दल इंग्रजांनी मणिराम यांना 1858 मध्ये जोरहाटला फाशी दिली. जाता जाता सांगतो, त्याच खटल्यात बहादुर गाँवबुढा या असमिया मुसलमानाला काळ्या पाण्याची सजा झाली. तर त्या हुतात्म्याच्या सिनेमातली चाल, गुलजार यांचे शब्द, गोष्ट महाश्वेतादेवींची, मुलूख वाळवंटाचा. नदीकाठची चाल वाळूत गेली आणि तिथलीच झाली.

पंढरपूरला जन्मलेले मरहूम एम. एफ. हुसेन यांच्या ‘गजगामिनी’लाही (2000) संगीत हजारिकांचं. सिनेमा चालला नाही, पण हुसेनसाहेबांनी आवाज कुणाचा निवडला हे लक्षात राहतं. आपल्या दादासाहेब फाळक्यांच्या नावाचा पुरस्कार हजारिकांना 1992 चा मिळाला. 1993 मध्ये ते असम साहित्य सभेचे अध्यक्ष झाले.

आणि मग 2004. लोकसभा निवडणुकीत ते गुवाहाटीतून भाजपचे उमेदवार म्हणून उभे राहिले आणि पडले. आमच्या वाचकांपैकी अनेकांना हे ऐकून धक्का बसेल. त्यांच्या आसामातल्या कित्येक चाहत्यांनाही बसला होता. हाराधन-रंगमन गाणारा माणूस, ‘सिराज’ काढणारा माणूस, आणि हे तिकीट. काही जण म्हणतात वय झालं होतं, काही म्हणतात भिडेला पडले. आम्ही त्यांची वकिली करणार नाही. ते वर्ष त्यांच्या आयुष्यात आहे आणि ते खोडून चरित्र सांगणं बरोबर नाही. पण त्या एका वर्षासाठी 1960 चं वर्ष खोडायलाही आमचं मन तयार होत नाही. लोकांनी मतपेटीत त्यांना हरवलं आणि घरी जाऊन त्यांचीच गाणी ऐकली. आम्हाला हा न्याय बरा वाटतो.

5 नोव्हेंबर 2011 रोजी मुंबईतल्या एका रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. वय 85. पार्थिव गुवाहाटीला नेलं आणि जजेस फील्डवर ठेवलं. रांगा संपेनात. 9 नोव्हेंबरला गुवाहाटी विद्यापीठाच्या जागेत, जिथे एके काळी ते शिकवत होते, अंत्यसंस्कार झाले. लाखो लोक लोटले होते.

त्यांच्या जन्मगावी सादियाला जायचं तर पूर्वी नावेनेच नदी ओलांडावी लागे. 2017 मध्ये तिथे लोहित नदीवर 9.15 किलोमीटर लांबीचा पूल झाला, त्याला त्यांचंच नाव दिलं. 2019 च्या जानेवारीत भारतरत्न जाहीर झालं. आसामात तेव्हा नागरिकत्व दुरुस्ती विधेयकावरून आंदोलन पेटलेलं होतं. अमेरिकेत राहणारे त्यांचे पुत्र तेज यांनी विधेयकाबद्दल नाराजी उघड केली, सन्मान घ्यायचा की नाही यावर बरीच चर्चा झाली, आणि अखेर 8 ऑगस्टला त्यांनी तो स्वीकारला.

त्याच महिन्याच्या 31 तारखेला आसामच्या नागरिक नोंदणीची अंतिम यादी निघाली. सुमारे 19 लाख लोकांची नावं त्यात नव्हती. त्यात हिंदू होते, मुसलमान होते, आणि घरी बंगाली बोली बोलून शाळेत असमिया शिकणारी चरांवरची मुलंही होती.